सात टप्पे, पाव तास : वारांगरच्या काठाकाठाने

सोमवार : ऑस्लो – किर्केनेस

ऑस्लोहून किर्केनेस हवेतून साधारण चौदाशे किलोमीटर. कोल्हापूर ते दिल्ली जेवढं, जवळपास तेवढंच, आणि एवढं उडूनही देश तोच. दोन तासांत पोचलो. या टप्प्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच. आम्ही निघालो होतो ते पुढच्या पाव-पाव तासाच्या विमानांसाठी.

आम्ही म्हणजे मी आणि मामा. मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, गारगोटी आगारातून निवृत्त झाले. मी त्यांना ऑस्लोला जूनमध्ये या म्हणत होते, ते हट्टाने मार्चमध्ये आले. "उन्हाळा आमच्याकडं काय कमी आहे काय?" आल्यावर एका संध्याकाळी सहज त्यांना नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या फिनमार्क भागातल्या विमानांचं वेळापत्रक दाखवलं. एकच विमान किर्केनेसहून निघतं, वादसो, बोट्सफ्योर, बर्लेवोग, मेहाम्न अशी गावं घेत पश्चिमेला जातं, आणि प्रत्येक ठिकाणी जेमतेम माणसं उतरवण्या-चढवण्यापुरतं थांबतं. मामांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. "अगं, ही तर आपली मुक्कामाची गाडी!" झालं, तिकिटं काढावीच लागली.

किर्केनेस 30 अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे इस्तंबूलच्याही पूर्वेला. पण घड्याळ मात्र ऑस्लोचंच. त्यामुळे मार्चमध्ये इथे सूर्य अकराच्या सुमारास सर्वांत वर येतो आणि दुपारच्या चहाला कलायला लागतो. मामांना हे पटेना. थोडं पूर्वेला रशियाची हद्द, दक्षिणेला फिनलंड, दोन्हीकडची घड्याळं पुढे. रस्त्यांच्या पाट्या नॉर्वेजियन आणि रशियन अशा दोन लिप्यांत आहेत.

गावात जुनं घर शोधून सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धात इथे तीनशेहून जास्त हवाई हल्ले झाले, आणि 1944 मध्ये माघार घेताना जर्मनांनी उरलेलं पेटवून दिलं. जवळच्या ब्यॉर्नेवात्नच्या लोखंडाच्या खाणीतल्या बोगद्यात तेव्हा साडेतीन हजारांच्या आसपास माणसं लपली होती आणि तिथे दहा बाळं जन्मली. मामांनी यावर एकच प्रश्न विचारला, "आणि उजेड कसला होता गं आत?" मला सांगता आलं नाही.

मंगळवार : किर्केनेस – वादसो

मामांची वही निघाली. लांबट, रेघांची, लाल पुठ्ठ्याची; तसल्याच वहीत ते आयुष्यभर गाड्यांच्या नोंदी करत आले. त्यांनी चार रकाने आखले: दार बंद, चाक सुटलं, चाक टेकलं, दार उघडलं.

आदल्या रात्री मी नेटवर दोन विमानतळांची नावं टाकून अंतर काढलं होतं. अंतर सगळीकडे एकच आलं, सुमारे 38 किलोमीटर. उड्डाणाचा वेळ मात्र एका ठिकाणी तीन-चार मिनिटं आणि दुसऱ्या ठिकाणी अर्ध्या तासाच्या वर! मामा म्हणाले, दोन्ही कारकून ऑफिसात बसून लिहिणारे. आणि ते खरंच आहे. पहिला हिशेब अंतराला विमानाच्या पूर्ण वेगाने भागतो, जणू विमान किर्केनेसच्या डोक्यावरून आधीच भरधाव जात होतं. दुसरा त्यात चढण्या-उतरण्यासाठी ठोक अर्धा तास घालतो, मग अंतर चाळीस किलोमीटर असो की चार हजार.

38 किलोमीटर हा आकडा मात्र कागदावरही काढता येतो. किर्केनेसचा विमानतळ 69.73 अंश उत्तरेला, वादसोचा 70.07 अंशाला, रेखांश जवळपास सारखाच. अक्षांशाचा एक अंश म्हणजे 111 किलोमीटर धरले की उत्तर समोर येतं. हे गणित मामांनी वहीच्या मागच्या पानावर स्वतः केलं आणि मग एसटीच्या हिशेबात आणलं: सहा किलोमीटरचा एक टप्पा, म्हणजे सात टप्पे. "गारगोटीहून कोल्हापूर गाठायला यापेक्षा जास्त लागतात."

रस्त्याने हेच अंतर 170 किलोमीटर आहे. मध्ये वारांगर फ्योर्ड, म्हणजे समुद्राची खाडी, जमिनीत खोल घुसला आहे आणि त्याच्या टोकाला वळसा घालून अडीच तासांनी वादसो येतं. एकोणतीस टप्पे. किनाऱ्याचं जहाज उत्तरेकडून येताना सकाळी वादसो करून किर्केनेसला येतं, दोन तासांच्या आत. पण परतीला ते वादसोला थांबतच नाही. म्हणजे वादसोहून किर्केनेसला जहाजाने येता येतं, किर्केनेसहून वादसोला नाही. मामांना हे एकमार्गी प्रकरण फार आवडलं.

विमानतळ गावापासून पंधरा किलोमीटरवर. तिथे जायला बसला जेवढा वेळ लागला, तेवढाही विमानाला लागला नाही. विमान डॅश-8 जातीचं, पंखे फिरणारं, 39 खुर्च्यांचं. आमच्यासोबत दुर्बिणी गळ्यात घातलेले चार-पाच पक्षीवेडे, एक प्लंबर आणि गुडघ्याला पट्टी बांधलेल्या एक आजी. आजी किर्केनेसच्या इस्पितळातून परतत होत्या. या भागातली विमानं निम्मी अशाच कामांवर चालतात: डॉक्टरची तारीख, कोर्टाची तारीख, शाळेचा फुटबॉल सामना.

पट्टा बांधायची खूण विझलीच नाही. विमान उडालं, खाली किनाऱ्याचा बर्फ संपून एकदम काळं पाणी आलं, त्यावर वाऱ्याचे पांढरे ओरखडे दिसले, आणि इंजिनाचा आवाज बदलला, म्हणजे उतरणं सुरू. 70 अंशांवरचा हा समुद्र भर हिवाळ्यातही गोठत नाही. अटलांटिकचा उबदार प्रवाह इथवर पोचतो. मामांची नोंद: चाक सुटल्यापासून टेकेपर्यंत दहा मिनिटांच्या आतबाहेर, दारापासून दारापर्यंत पाव तासाच्या थोडं वर. वेळापत्रकात पाव तासच होता. "दोन मिनिटं लेट," मामा म्हणाले, पण आवाजात तक्रार नव्हती.

वादसोत दुपारी आम्ही पुलावरून समोरच्या बेटावर चालत गेलो. तिथे लोखंडी जाळीचा एक उंच मनोरा उभा आहे, नुसताच, आजूबाजूला काही नाही. 1926 च्या मे महिन्यात 'नोर्गे' हे वायूने भरलेलं हवाई जहाज या मनोऱ्याला दोरांनी अडकवून ठेवलं होतं. ते चालवत होता नोबिले; ध्रुवाच्या मोहिमेचे आमुंडसेन आणि एल्सवर्थ पुढे स्वालबार्ड बेटांवर त्याची वाट बघत होते. लेनिनग्राडकडून आलेलं ते जहाज इथे थांबून स्वालबार्डला गेलं, 12 मे रोजी उत्तर ध्रुवावरून उडालं आणि अलास्कात टेलरला उतरलं. दोन वर्षांनी नोबिलेचं 'इतालिया'ही याच मनोऱ्याला थांबलं. ते परतीच्या वाटेवर कोसळलं, आणि त्याच्या शोधाला गेलेला आमुंडसेन कधीच परत आला नाही. मनोऱ्याच्या पायाशी उभं राहून मामांनी विचारलं, "म्हणजे ध्रुवाच्या गाडीचा हा विनंती थांबा?" मी हो म्हटलं.

बुधवार : वार्दो, रस्त्याने

वार्दोलाही विमानतळ आहे, पण वादसोहून तिकडे किनाऱ्याने 75 किलोमीटरचा सरळ रस्ता आहे, तेव्हा बसने गेलो. वार्दो बेटावर. तिथे जायचा बोगदा 1982 साली समुद्राखालून काढला, नॉर्वेतला असा पहिलाच; लांबी तीन किलोमीटरला थोडी कमी, सर्वांत खोल जागी 88 मीटर. आता असे बोगदे त्या देशात डझनांनी आहेत.

बोगद्याच्या अलीकडे, मुख्य भूमीवर, विमानतळ. त्याच्या मनोऱ्यात माणूस नाही. कॅमेरे आहेत, आणि ते बघणारी माणसं बोडोला बसतात, सातशे किलोमीटरहून दूर. बोडोतलं हे केंद्र 2020 मध्ये सुरू झालं. एकेका छोट्या धावपट्टीसाठी दिवसातल्या तीन-चार विमानांपुरता माणूस बसवण्यापेक्षा एकाच खोलीतून अनेक धावपट्ट्या बघायच्या. मामा गप्प झाले. एसटीत कंट्रोलरने खिडकीतून गाडी बघून हात करायचा असतो. "तिथं वारा कसा लागतो त्यांना?" हा त्यांचा प्रश्न मला तेव्हा गमतीचा वाटला.

वाऱ्याचीच गोष्ट वार्दोत दुसऱ्या जागी भेटली. 1617 च्या नाताळच्या आदल्या दिवशी इथे अचानक वादळ उठलं, दहा होड्या बुडाल्या आणि चाळीस पुरुष गेले. पुढे बायकांवर खटले झाले, की तुम्ही दोरीला गाठी मारून, जादू करून वारा सोडलात. सतराव्या शतकभर या मुलखात असे खटले चालले आणि 91 जणांना मारलं गेलं, बहुतेक बायका. समुद्रकाठी स्टाइलनेसला त्यांचं स्मारक आहे. कापडाची लांबलचक अंधारी ओसरी, आत प्रत्येक जिवासाठी एक लहान खिडकी आणि एक दिवा, शेजारी आरोप काय आणि शिक्षा काय ते छापलेलं. आम्ही शेवटच्या खिडकीपर्यंत गेलो. मी वाचत होते, मामांना मराठीत सांगत होते. मधेच ते म्हणाले, "पुरे."

संध्याकाळच्या बसने वादसोला परत.

गुरुवार : वादसो – बोट्सफ्योर

आज पाणी नव्हतं खाली, पठार होतं. वारांगर द्वीपकल्पाच्या अंगावरून दक्षिणेकडून उत्तरेकडे, सुमारे 60 किलोमीटर. रस्त्याने पुन्हा 170 च्या आसपास, आणि त्यात एक डोंगर. हिवाळ्यात तिथली फाटकं वाऱ्यामुळे बंद होतात. कधी बर्फ काढणाऱ्या यंत्रामागे सगळ्या गाड्यांची रांग करून एकदमच सोडतात, कधी सोडतच नाहीत.

वरून बघताना पठारावर काहीच नव्हतं. झाड नाही, घर नाही, वाट नाही. मी मामांना सांगितलं की इथे रेखांशाचा एक अंश फक्त 38 किलोमीटरचा. कोल्हापुरात तोच 106 च्या वर. ध्रुवाकडे सगळ्या उभ्या रेषा एकमेकींजवळ येतात ना, म्हणून नकाशात इथली गावं रुंद पसरलेली दिसतात आणि विमान मात्र बघता बघता पोचतं. मामांनी खिडकीबाहेरच बघत मान हलवली. त्यांना गणितापेक्षा धावपट्टीची काळजी लागली होती, कारण समोरच्या खुर्चीवरच्या माणसाने सांगितलं होतं की वादसोची धावपट्टी लांब नव्हती.

तर त्या धावपट्ट्यांबद्दल. नॉर्वेने 1968 पासून किनाऱ्यावरच्या लहान गावांना विमानतळ द्यायला सुरुवात केली. फिनमार्कच्या गावांची पाळी 1974 मध्ये आली. डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत 800 मीटरच्या आसपासच पट्टी बसत होती, तेव्हा तेवढीच केली. आधी 19 माणसांची ट्विन ऑटर विमानं आली, 1990 च्या दशकापासून डॅश-8. पंचाईत अशी की एवढ्या आखूड पट्टीवर चाळीसेक माणसं घेऊन उतरणारं हे विमान आता कारखान्यात बनतच नाही. आहेत ती जपून, दुरुस्त करून वापरायची. दिवसाला पाच-सहा वेळा उतरणाऱ्या विमानाची चाकं, ब्रेक, दारं सगळं किलोमीटरांनी नाही तर उतरण्यांच्या संख्येने झिजतं. हे मात्र मामांना समजावून सांगावं लागलं नाही. घाटातली गाडी आणि हायवेवरची गाडी एकाच किलोमीटरला वर्कशॉपात येत नाही, हे ते तीस वर्षं सांगत आले.

हे सगळं परवडत कुणालाच नाही. सरकार निविदा काढतं, कंपनी ठरलेल्या फेऱ्या ठरलेल्या भाड्यात करते, तोटा तिजोरीतून भरला जातो. विडेरो ही 1934 सालची कंपनी इथे पिढ्यान् पिढ्या उडते आहे.

बोट्सफ्योर मासळीचं गाव. मार्चमध्ये बंदरात कॉडच्या होड्यांची गर्दी, गोदीच्या कडेला बर्फ आणि खवले एकत्र झालेले, आणि वास असा की जाकीट ऑस्लोला गेल्यावर दोनदा धुवावं लागलं. मासळीच्या कारखान्याजवळ एका माणसाने आम्हाला थांबवलं, आधी इंग्रजीत, मग मामांचा चेहरा बघून तमिळमध्ये. श्रीलंकेतून 1980 च्या दशकात निघालेले बरेच तमिळ लोक फिनमार्कच्या मासळी कारखान्यांत कामाला आले, हे मी ऐकून होते. प्रत्यक्ष भेट इथे झाली. मामांना तमिळ येत नाही, त्यांना मराठी येत नाही. दोघांनी तुटक इंग्रजीत पाऊण तास गप्पा मारल्या, आणि विषय काय, तर जाफन्याहून कोलंबोला जाणारी रात्रीची बस. चहा झाला, सोबत तिखट डाळवडे झाले. निघताना ते म्हणाले की उद्या वारा आहे, बर्लेवोगचं काही खरं नाही.

शुक्रवार : बोट्सफ्योर – बर्लेवोग (असं तिकिटावर होतं)

39 किलोमीटर. पुन्हा सात टप्पे. रस्त्याने नव्वद, पण डोंगरावरचं फाटक सकाळपासून बंद.

विमान वेळेवर आलं. वाऱ्याने आम्हाला पायऱ्यांपर्यंतही सरळ चालू दिलं नाही. मामांची माकडटोपी मी हाताने धरून ठेवली. बर्फ ढकलणारं यंत्र चालवणाराच माणूस आगीच्या बंबावरही असतो, तो यंत्रातून उतरून बंबाकडे पळताना दिसला. उडालो. पाच-सहा मिनिटांत खाली बर्लेवोगची घरं, लाल-पिवळी, आणि बंदराच्या भिंती दिसल्या. चाकं बाहेर आल्याचा आवाज आला. विमान डावीकडे-उजवीकडे डोलायला लागलं. मग इंजिन एकदम जोरात ओरडलं आणि गाव मागे पडलं.

दुसरा प्रयत्नही तसाच. त्यानंतर वैमानिक शांतपणे दोन वाक्यं बोलला: आडवा वारा मर्यादेच्या बाहेर, आपण मेहाम्नला जातोय.

कुणी हूं की चूं केलं नाही. शेजारच्या बाईंनी विणकाम काढलं. एकाने फोन चालू करायची वाट बघत जेवणाचा डबा उघडला. बर्लेवोगला उतरायची नऊ माणसं होती. ती नऊही माणसं आता 47 किलोमीटर पुढे, फ्योर्डांच्या पलीकडे उतरणार होती, जिथून घरी यायचा रस्ता तीनशे किलोमीटरच्या वर आहे आणि तोही त्या दिवशी बंद. मी जरा घाबरले होते. मामा मात्र वहीत लिहीत होते. डोकावून बघितलं तर 'चाक टेकलं' या रकान्यात 'नाही' असं होतं.

मेहाम्नला व्यवस्थित उतरलो. वारा तिथेही होता, पण धावपट्टीच्या दिशेने. म्हणजे त्याच वाऱ्यात एका गावी उतरता येतं आणि शेजारच्या गावी नाही. मामा तेवढ्यात म्हणाले, "आता कळलं ना, तिथं वारा कसा लागतो ते?" त्यांना वार्दोचा रिकामा मनोरा आठवत होता.

शनिवार : मेहाम्न

राहायची सोय झाली, आणि सकाळी गाव बघायला मोकळा वेळ मिळाला, जो वेळापत्रकात नव्हता. मेहाम्न 71 अंशांवर आहे. एक रस्ता, एक दुकान, एक बंदर, आणि एक दंगल. दंगल 1903 च्या जूनमधली. इथे देवमाशांची चरबी काढायचा कारखाना होता. मच्छीमारांचं म्हणणं होतं की देवमासे लहान मासळीला किनाऱ्याकडे हाकतात; ते मारले म्हणून जाळी रिकामी येताहेत. सरकार ऐकेना. शेवटी शेकडो मच्छीमारांनी मिळून कारखाना पाडला, धुराड्यासकट. सैनिक आले, अटका झाल्या, पण पुढच्या वर्षी उत्तर नॉर्वेत देवमाशांची शिकार दहा वर्षांसाठी बंद झाली. मासळीबाबतचा त्यांचा तर्क बरोबर होता का, हा वेगळा प्रश्न. मामांच्या मते धुराडं पाडल्याशिवाय कागद हलत नाही, हे सगळीकडचंच.

विमानतळाकडे जाताना दुसरी एक तारीख निघाली. 11 मार्च 1982 रोजी इथून जवळ समुद्रात ट्विन ऑटर विमान कोसळलं आणि त्यातली सगळी 15 माणसं गेली. तेही बर्लेवोगहून मेहाम्नकडेच येत होतं. चौकश्या पुन्हा पुन्हा झाल्या. हवेतल्या जबरदस्त हेलकाव्यांत शेपटीचा भाग तुटला, असा निष्कर्ष निघाला. लढाऊ विमानाने धडक दिली असं मानणारे लोक तरीही या किनाऱ्यावर आहेत. गावच्या माणसांशी आम्ही त्यावर बोललो नाही. बोलायचं ते असं पाहुण्यांशी नाही, हे दिसत होतं.

रविवारी सकाळी बर्लेवोगहूनच आमचं पुढचं तिकीट होतं, आणि शनिवारी विमानं कमी. तेव्हा संध्याकाळी सातच्या सुमारास उत्तरेकडे जाणारं जहाज पकडलं. 1893 पासून हे जहाज किनाऱ्यावरची गावं जोडतंय. टपाल, माणसं, माल, आता हौशी पर्यटकही. विमानाला जे अंतर पाव तासाचं, त्याला जहाज अडीच तासांवर घेतं. लाटा होत्या. मामा पहिला तास खुर्चीला धरून बसले, मग उठून थेट वरच्या डेकवर गेले, आणि मी त्यांना शोधत गेले तर ते चार्ट दाखवणाऱ्या पडद्यासमोर उभे होते, जहाजाचा वेग आणि उरलेलं अंतर मिनिटामिनिटाला बदलताना बघत.

दहाच्या सुमारास बर्लेवोगचं बंदर आलं. चार पायांचे काँक्रीटचे प्रचंड ठोकळे एकमेकांत अडकवून भिंती केल्या आहेत. साध्या दगडांच्या भिंती समुद्राने वेळोवेळी नेल्या, म्हणून. हे काम 1970 च्या दशकात पुरं होईपर्यंत मोठं जहाज बाहेरच थांबायचं आणि माणसं होडीतून उतरायची. आत शिरण्यापूर्वी दक्षिणेकडे निघालेलं दुसरं जहाज समोरून आलं. दोघांनी भोंगे दिले. मामांनी नकळत हात वर केला, गाडी सोडताना करतात तसा.

रविवार : बर्लेवोग

रात्री मुक्कामाच्या घरी मालकीणबाईंनी विचारलं, कुठून आलात. मी सगळी कथा सांगितली: बोट्सफ्योर, वारा, मेहाम्न, जहाज. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, वारा काल दुपारीच पडला. संध्याकाळचं विमान उतरलं की इथे."

मी मामांना भाषांतर करून सांगितलं. मला वाटलं वैतागतील. त्यांनी वही उघडली, शुक्रवारच्या ओळीसमोर शेऱ्याच्या जागी काहीतरी लिहिलं आणि झोपायला गेले. सकाळी विमानतळावर त्यांची बॅग तपासताना वही बाहेर काढावी लागली, तेव्हा वाचलं: 'फेरी पूर्ण. मार्ग बदलून. उशीर – एक दिवस. कारण – वारा. प्रवासी तक्रार – नाही.' खाली त्यांची सही होती, आणि प्रवाशाच्या सहीसाठी जागा सोडलेली होती. विमानाला अजून वीस मिनिटं होती. पेन मागून घेऊन मी सही केली.